सहा गुणांचा हिशेब

(मैदान वाचताना : भाग ९)

१८ डिसेंबर २०२२, रविवार. सकाळचे आठ वाजलेले आणि नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या मिसळीच्या दुकानात बसायला जागा नाही. थंडी अशी की रश्श्याच्या वाटीला दोन्ही हात लावून लोक बसलेले. तरी आवाज मात्र प्रत्येक टेबलावर चढलेला. आदल्या रात्री वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाची अंतिम लढत झाली होती. जयपूर पिंक पँथर्स ३३, पुणेरी पलटण २९. पुण्याचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि त्याच्या चढाईची भिस्त ज्यांच्यावर होती त्यांत एक होता आपल्या आडगावचा आकाश शिंदे. संघ पुण्याचा असला तरी त्या सकाळी पराभव नाशिकचा होता.

"चार गुण म्हणजे काय असतं? दोन चढाया!" माझ्या समोर बसलेले काका पापड मोडत म्हणाले. त्यांनी तरुणपणी मातीवर हुतूतू खेळलेलं. "पोराने एक मोठी चढाई मारली असती, तर आज पेढे वाटत असतो आपण."

"काका, समोर सुनील कुमार उभा होता. आणि आपल्याकडे अस्लम नाही, मोहित नाही. एकट्याने किती ओढायचं?" हा त्यांचा पुतण्या. हा मॅटवर खेळतो.

"नसू देत. मोठा खेळाडू तोच, जो अशा वेळी उभा राहतो."

पुतण्या गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्याने मी अस्वस्थ झालो, कारण मला त्याचं म्हणणं पटत होतं आणि काकांचं दुःखही कळत होतं. मागच्या भागात आपण पकडीची तंत्रं पाहिली. या आठवड्यात तो मिसळीवरचा वाद समजून घेऊ: थोडक्यात हरलेल्या सामन्यात चढाईपटूचा खेळ मोजायचा कसा?

आधी हे मान्य करू की खापर चढाईपटूवर फुटतं याला कारण आहे. कबड्डीत बाकी सगळं घोळक्यात घडतं. पकड फसली तर कोपऱ्यातला चुकला की मध्यरक्षक उशिरा पोहोचला, हे टीव्हीवर तीनदा पाहूनही ठरत नाही. चढाई मात्र एकट्याची. १३ मीटर लांब, १० मीटर रुंद मैदान. मध्यरेषा ओलांडली की हातात ३० सेकंद. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. गडी न बाद करता परतायचं असेल, तरी ती ओलांडावीच लागते. तिच्यापुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. समोर सात जण हात धरून अर्धवर्तुळात उभे आणि तोंडात दम. हजारो लोक त्या एकाच माणसाकडे बघत असतात. तो रिकाम्या हाताने परतला की सगळ्यांना दिसतं, पकडला गेला की त्याहून जास्त दिसतं.

आता तो पकडला गेला तेव्हा काय काय होतं ते बघा. समोरच्यांना एक गुण मिळतो, हे फलकावर दिसतं. त्याशिवाय त्यांचा बाद झालेला एक गडी परत मैदानात येतो. आपला चढाईपटू बाहेर जाऊन बसतो. आणि तो परत कधी येणार, हे त्याच्या हातात नसतं. जो आधी बाद झाला तो आधी उठणार, असा क्रम आहे. समजा त्याच्याआधी दोघे बाहेर बसलेत. मग त्याच्या साथीदारांनी समोरचे तीन गडी बाद केल्यावरच त्याचा नंबर लागतो. तोवर संघाचा सर्वांत चांगला चढाईपटू टॉवेल खांद्यावर टाकून नुसता बघत असतो.

जुन्या हुतूतूत याचे तीन प्रकार होते आणि काका तिन्ही खेळलेले. संजीवनीत मेलेला गडी जिवंत होई. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजायचे. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली. म्हणूनच या खेळात चढाईपटूचं आयुष्य त्याच्या बचावपटूंच्या हातात असतं. मुलं अजूनही 'मेला' आणि 'उठला' म्हणतात. अधिकृत भाषेत ते शब्द नसले तरी खेळाचं मर्म त्या दोन शब्दांत अचूक बसलं आहे.

इथे एक बारकावा आहे, आणि गुणांची यादी बघून भांडणाऱ्यांच्या नजरेतून तो नेहमी सुटतो. बोनसच्या गुणावर आपला कुणी उठत नाही. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना एक पाय हवेत ठेवून दुसरा बोनस रेषेपलीकडे टेकवला की गुण मिळतो. पण समोरचा कुणी बाद होत नाही आणि आपला कुणी परत येत नाही. म्हणजे एकाने सहा बोनस घेतले आणि दुसऱ्याने सहा गडी टिपले, तर दोघांच्या नावापुढे सहाच लिहिलं जातं. पण दुसऱ्याने सहा साथीदार जिवंत करून आणलेले असतात. संघासाठी या दोन सहांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहा हा आकडा मी मुद्दाम घेतला. त्या हंगामात चढाईच्या गुणांत सगळ्यांत पुढे कोण होता? जयपूरचा अर्जुन देशवाल. हंगामभरात २९६ गुण, म्हणजे सामन्याला सरासरी बारा. अंतिम सामन्यात त्याने किती मिळवले? सहा. आपल्या सरासरीच्या निम्मे. पुण्याच्या बचावाने लीगमधल्या सगळ्यांत धोकादायक चढाईपटूला अर्ध्यावर आणलं, हे त्या रात्रीचं केवढं मोठं यश! पण त्याबद्दल त्या सकाळी नाक्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि जयपूरमध्येही 'अर्जुन ऐन वेळी चालला नाही' असं कुणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. कारण त्याच्या हातात करंडक होता. त्याच्याइतकेच सहा गुण व्ही. अजितने घेतले आणि सहाच गुण कर्णधार सुनील कुमारने. सुनील बचावपटू आहे. भार तीन खांद्यांवर वाटला गेला, त्यामुळे मुख्य चढाईपटू निम्म्यावर येऊनही संघ ३३पर्यंत गेला.

तेच सहा गुण हरलेल्या संघाच्या माणसाच्या नावापुढे असते तर? त्याच सकाळी तेच काका म्हणाले असते, सहाच?

आता पुण्याच्या बाजूने बघू. अस्लम इनामदार हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, मोहित गोयत हरयाणाचा. हंगामभर हे दोघे पुण्याच्या चढाईचा कणा होते, आणि दुखापतीमुळे दोघेही अंतिम सामन्यात नव्हते. पुण्याने उपांत्य फेरीत तमिळ थलैवाजला ३९-३७ असं जेमतेम दोन गुणांनी हरवलं, तेही या दोघांशिवाय. पहिल्या फळीतले दोघे गेले की तिसरा पहिला होतो. मग समोरचे कोपरारक्षक त्याच्यासाठीच तयारी करून येतात. त्याचा उजवा पाय कधी पुढे पडतो, तो परत फिरताना कुठल्या खांद्यावरून वळतो, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. एरवी दोन चढायांमध्ये मिळणारी उसंतही मिळत नाही. आकाश त्या रात्री या जागेवर उभा होता. त्याचं वय आणि ते ओझं एकत्र ठेवून पाहिलं, की मला त्याचा अभिमानच वाटतो.

मध्यंतराला जयपूर १४-१२ असं फक्त दोन गुणांनी पुढे होतं. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच त्यांनी पुण्यावर लोण चढवला. लोणाचे दोन जादा गुण कुणाच्या नावावर पडत नाहीत. शेवटचा जो गडी बाद होतो, लोकांच्या लक्षात तो राहतो. पण लोण सात जणांचा मिळून चढतो. पहिला गडी बाद होतो तिथे त्याची सुरुवात असते. समोर सहा असताना न जमलेली पकड, मग चौघांत केलेली घाई, मग दोघे उरल्यावर नाइलाजाने केलेली चढाई, अशी ती उतरण असते. तळाशी जो सापडला त्याला दोषी धरणं म्हणजे घर गळल्यावर बादलीला बोल लावणं.

सगळ्यांत मोठा गैरसमज रिकाम्या चढाईबद्दल आहे. हात हलवत परत आला म्हणजे नापास, असं प्रेक्षकांना वाटतं. पण सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. तिच्यात गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. चांगले संघ हा नियम हत्यारासारखा वापरतात. पुढे असलेला संघ दोन चढाया मुद्दाम रिकाम्या काढतो, प्रत्येकीत ३० सेकंद घालवतो, आणि तिसरीसाठी ताजा माणूस पाठवतो. ४० मिनिटांच्या सामन्यात दोन्ही बाजूंच्या मिळून ऐंशीच्या आसपास चढाया होतात, त्यातली एकेक अशी घड्याळात विरघळवली की मागे असलेल्या संघाचा श्वास कोंडतो. आणि मागे असलेल्याला तेच परवडत नाही. समोर तीनच बचावपटू आहेत म्हणून तो झेप घेतो, तर तिघांनी किंवा त्याहून कमी जणांनी केलेली पकड ही अव्वल पकड ठरते आणि तिचा एक गुण जादा. म्हणजे पिछाडीवरच्या चढाईपटूला ज्या धोक्यात उडी घ्यावी लागते, त्यात आघाडीवरच्याला पायही बुडवावा लागत नाही. दोघांच्या गुणांची तुलना करताना हे लक्षात घ्यायलाच हवं.

अमेरिकेतला माझा मावसभाऊ सांगतो की तिकडच्या फुटबॉलमध्येही हाच वाद दर आठवड्याला चालतो. तिथे क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. संघाची जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. संघाचे विजय आणि पराभव लोक थेट त्याच्या नावावर मोजतात, इतर कुठल्याही जागेवरच्या खेळाडूचे तसे मोजत नाहीत. पण चेंडू समोरच्यांकडे असतो तेव्हा तो मैदानाबाहेर बसलेला असतो. आपला बचाव गुण देत सुटला तर तो काहीच करू शकत नाही. मला लगेच टॉवेल खांद्यावर टाकून बसलेला चढाईपटू दिसला.

त्या रविवारी रात्री कतारमध्ये फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना होता. फ्रान्सच्या एम्बापेने तीन गोल केले, ३-३ बरोबरी झाली, आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ने जिंकला. सकाळचे काका आणि त्यांचा पुतण्या दोघेही तो सामना पाहत होते. दुसऱ्या दिवशी पुतण्याने मला सांगितलं, "काका म्हणाले, या पोराने आणखी काय करायला हवं होतं?" त्याने पुढे काही जोडलं नाही. मीही नाही.

नंतर मी एक वही घातली. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सामन्यांना जातो तेव्हा प्रत्येक चढाईसमोर चार गोष्टी लिहितो: समोर किती बचावपटू होते, आधीच्या किती चढाया रिकाम्या गेल्या होत्या, फलकावर फरक किती होता, आणि ती संपल्यावर आपला कुणी उठला का. गुण सगळ्यात शेवटी. अशी दोनतीन पानं भरली की सामना वेगळाच दिसू लागतो. अकरा गुणांचा नायक बऱ्याचदा सात जणांसमोर बोनस घेत फिरलेला निघतो. आणि ज्याच्या नावावर चारच गुण आहेत, त्याने पाच वेळा तिसरी चढाई अंगावर घेतलेली असते. वहीत हे लिहून ठेवलं नाही, तर त्याची आठवण कुणी ठेवत नाही.

वरळीच्या त्या पराभवानंतर दहाच महिन्यांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात समोरासमोर आले. शेवटचं मिनिट आणि २८-२८. भारताच्या पवन सेहरावतच्या चढाईत मैदानाच्या कडेच्या राखीव क्षेत्राच्या नियमावरून असा वाद पेटला की खेळ सुमारे तासभर थांबला. अखेर भारत जिंकला. फरक चार गुणांचा. निकाल ३३-२९. त्या सुवर्णपदक विजेत्या बारा जणांत अस्लम इनामदार होता आणि आपला आकाश शिंदेही. मग १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. फरक तीनच गुणांचा.

गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत काका शेजारी येऊन बसले. मैदानावर सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा तिसऱ्या चढाईला गेला. त्याने डावीकडे झुकांडी दिली, उजव्या कोपऱ्यातल्याकडे पाय फेकला, आणि परतताना त्याचा घोटा सापडला. साखळी आली, तो मध्यरेषेपासून वीतभर आत आडवा झाला. बोटं रेषेकडे ताणलेली. मागून कुणीतरी ओरडलं, "घालवली रे घालवली!"

काकांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. "समोर किती होते?"

"सहा."

"आणि आपले?"

"तीन. चौथा आत्ताच बसला."

काका ओरडणाऱ्याकडे वळले आणि त्याला हाताने खाली बसायची खूण केली.