मिशाळ मासा आणि त्याचा गळ

गळानें मासे धरण्याचा विषय आमच्या पानांवर पाहून कांहीं वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु हा विषय आपल्या वाङ्मयास अगदींच परका नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदास स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. आणि माशांच्या जाती, त्यांचें खाद्य, काठी व दोरी यांचा विचार तेथें शास्त्रीय पद्धतीनें केलेला आढळतो. कोणत्या माशास कोणतें आमिष, हा प्रश्न राजदरबारास क्षुल्लक वाटला नाहीं. मग आपणच तो क्षुल्लक कां मानावा?

आज या प्रश्नास निमित्तही तसेंच आहे. आमच्या वाचकांपैकीं कितीकांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. उन्हाळ्यांत आजी-आजोबा त्यांजकडे जातात, आणि पाहतात तों शेजारच्या मुलांबरोबर आपलाही नातू काठी खांद्यावर टाकून तळ्याकडे निघालेला! तिकडे हा छंद लहानथोर सर्वांचा आहे; आणि ज्या माशासाठीं लोक रात्र रात्र नदीकांठीं बसून काढतात, तो म्हणजे 'कॅटफिश', मिशाळ मासा. मिसिसिपी राज्यांत तर या माशाची शेतीच होते, आणि तिच्या गौरवार्थ अध्यक्ष रेगन यांनीं १९८७ सालीं २५ जून हा दिवस 'राष्ट्रीय कॅटफिश दिन' म्हणून जाहीर केला होता. आपल्या नद्यांतील शिवडा, शिंगटा, मागूर हे याच गोत्रांतले.

जीवदयेमुळें ज्यांस हा छंदच मान्य नाहीं त्यांच्याशीं आमचा वाद नाहीं. परंतु नातू जाणारच असेल, तर त्यानें जाणतेपणानें जावें, एवढीच आमची इच्छा. गळ, दोरी आणि आमिष यांच्या निवडीवर मासा लागेल कीं नाहीं एवढेंच ठरत नाहीं. लागलेला मासा पुन्हा जिवंत पाण्यांत जाऊं शकेल कीं नाहीं, हेंही तिनेंच ठरतें. पुढील सर्व विवेचन वाचकांनीं या दृष्टीनें वाचावें.

आधीं मासा ओळखावा

या गोत्राच्या तीन हजारांहून अधिक जाती जगांत आहेत. अमेरिकेंत गळास लागणाऱ्या मुख्य जाती तीन : चॅनल, ब्ल्यू आणि फ्लॅटहेड. चॅनल हा गांवच्या तळ्यापासून महानदीपर्यंत सर्वत्र सांपडतो, आणि नवशिक्याची गांठ बहुधा यांच्याशींच पडते. ब्ल्यू हा मोठ्या नद्यांच्या वाहत्या, खुल्या पाण्यांत संचार करणारा. फ्लॅटहेड हा एकलकोंडा. दिवसा बुडालेल्या ओंडक्यांच्या आड दडून बसतो व रात्रीं शिकारीस बाहेर पडतो. गळानें धरलेल्या माशांच्या अधिकृत नोंदींत चॅनलचा उच्चांक ५८ पौंड (१९६४), फ्लॅटहेडचा १२३ पौंड (१९९८) व ब्ल्यूचा १४३ पौंड (२०११) असा आहे. पूर्ण वाढलेल्या दोन माणसांस मिळूनही उचलण्यास जड जावा, असा प्राणी गढूळ पाण्याखालीं निमूटपणें फिरत असतो, हें ध्यानांत ठेवावें.

या माशास अंगभर जीभ आहे, असें म्हटलें तरी चालेल. त्याच्या अंगावर खवले नसतात, आणि रुचि ओळखणारे सूक्ष्म अवयव त्याच्या उघड्या कातडीवर सर्वत्र पसरलेले असतात. तोंडाभोंवतींच्या आठ मिशांवर तर त्यांची दाटीच असते. काळोखांत व चिखलांत अन्न शोधण्याची सारी मदार यांवर. शिवाय पोटांतील हवेची पिशवी व कान यांस जोडणारी बारीक हाडांची सांखळी त्याला असल्यामुळें त्याचें श्रवणही तीक्ष्ण असतें. म्हणून कांठावर पाय आपटीत फिरूं नये, नावेंत डबे आदळूं नयेत. पाठीवरच्या परावर एक आणि छातीजवळच्या दोन परांवर एकेक, असे तीन अणकुचीदार कांटे त्यास असतात. भ्याला म्हणजे तो ते ताठ उभे करून अडकवून ठेवतो. मुलांच्या हातांस इजा होते ती या कांट्यांनीं. मिशा अगदीं निरुपद्रवी असतात.

आमिष

जो डोळ्यांपेक्षां रुचीवर अधिक विसंबतो, त्याच्यापुढें चकचकीत खोट्या माश्या नाचवून फारसा लाभ नाहीं. त्याचें आमिष असें हवें कीं, ज्याचा अर्क पाण्यांत विरघळून दूरवर पसरेल. चॅनल मासा खाण्याच्या बाबतींत सर्वभक्षक. गांडुळें, कोळंबी, कोंबडीचें काळीज, माशाचे तुकडे, कांहींही त्यास चालतें. जुनें चीज, रक्त वगैरे पदार्थ पिठांत मळून केलेलें उग्र वासाचें तयार आमिषही दुकानांत मिळतें. मात्र तो डबा घरांत उघडूं नये, एवढा इशारा सुनेच्या वतीनें देऊन ठेवतों. ज्या घरीं मांस हाताळणें नको असेल, तेथें कणकेंत चीज मळून केलेल्या घट्ट गोळ्यांवरही चॅनल येतो. काळीज गळावरून निसटून पडतें. तें तलम कापडाच्या चिंधींत गुंडाळून दोऱ्यानें बांधावें.

ब्ल्यू माशास ताज्या माशाचा तुकडा रुचतो. नासकें आमिष जितकें अधिक तितकें उत्तम, ही समजूत याच्या बाबतींत खरी नाहीं. शॅड नांवाचा रुपेरी मासा त्याचें नित्याचें भक्ष्य. त्याच्या तुकड्यांतून रक्त व तेल झिरपत असतें, पण तें अर्ध्या तासांत बव्हंशीं धुऊन जातें. तेव्हां तुकडा वेळोवेळीं बदलावा. फ्लॅटहेडला जिवंत मासाच लागतो. जिवंत प्राणी गळास टोचणें आम्हांस रुचत नाहीं. शिवाय एका तळ्यांतले मासे दुसऱ्यांत नेल्यानें रोग व परके जीव पसरतात, म्हणून त्याविषयींचे कायदेही कडक आहेत. नवशिक्यानें फ्लॅटहेडच्या नादीं लागूंच नये.

ऋतूचाही विचार हवा. पाण्याचें उष्णमान २१ ते २९ अंश सेल्सियस असतां चॅनल उत्तम खातो. ब्ल्यू भर हिंवाळ्यांतही खात राहतो; फ्लॅटहेड मात्र थंडींत सुस्त पडतो.

दोरी, काठी आणि मांडणी

चॅनलसाठीं १२ ते २० पौंड ताकदीची नायलॉनची एकेरी दोरी व सुमारें ७ फुटांची मध्यम ताठ काठी पुरेशी होते. मोठ्या नदींत ब्ल्यूच्या मागें जावयाचें तर ३० पौंडांची एकेरी किंवा ५० पौंडांहून अधिक ताकदीची विणलेली दोरी लागते. विणलेली दोरी बारीक व बळकट, पण ताणत नाहीं आणि खडकावर घासून लवकर तुटते. नायलॉनची एकेरी दोरी थोडी ताणते व हिसका सोसते. मुलाच्या हातीं दुसरीच बरी. रिळाचा अटकाव असा बसवावा कीं, दोरीच्या ताकदीच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतकी ओढ बसतांच ती सुटूं लागावी. नाजूक सामानावर मोठा मासा खेळवण्यांत पुष्कळांस पुरुषार्थ वाटतो. पण तासभर झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरतो, हें ते विसरतात.

सामानाच्या मांडणीचे चार प्रकार ओळखले म्हणजे काम भागतें. पहिला व सर्वांत साधा तरंगत्या बुचाचा : बुचाखालीं आमिष तळापासून किंचित् वर लोंबतें. लहान तळ्यासाठीं व लहान मुलांसाठीं हाच उत्तम. दुसरा सरकत्या वजनाचा : भोंक असलेलें वजन मुख्य दोरींत ओंवावें, खालीं एक मणी, मग फिरती कडी, आणि कडीपासून फूट-दीड फूट अंतरावर गळ. मासा आमिष घेऊन चालूं लागला कीं, दोरी वजनांतून मोकळी सरकते आणि त्यास जडपणाचा संशय येत नाहीं. तिसरा सॅन्टी पद्धतीचा : वरच्याच मांडणींत गळाच्या अलीकडे एक लहानसें बूच अडकवितात, त्यामुळें आमिष चिखलांत न रुततां वर उचललें जातें. दक्षिण कॅरोलिनांत १९३९ ते १९४२ या काळांत धरणें बांधून जीं सॅन्टी-कूपर सरोवरें झालीं, त्यांवरून हें नांव पडलें. चौथा तीन कड्यांचा : एका कडीस मुख्य दोरी, दुसरीस गळ, तिसरीस अंमळ कच्च्या दोरीनें वजन. खडकाळ तळाशीं वजन अडकलें तर तेवढीच दोरी तुटते, आणि बाकी सामान हातीं येतें.

वजनाचा नियम एकच : आमिष तळाशीं स्थिर राहील इतकें, त्याहून अधिक नाहीं. उभ्या पाण्यांत अर्धा-एक औंस पुरे; जोराच्या धारेंत तीन ते आठ औंसही लागतात, आणि तेथें गडगडत न जाणारें चपटें वजन घ्यावें. शिसें विषारी आहे. पाणपक्षी लहान तुकडे गिळून मरतात म्हणून कांहीं राज्यांनीं त्यावर निर्बंध घातले आहेत. पोलादाचें वजन मिळाल्यास तेंच घ्यावें. नाहीं तर हात स्वच्छ धुतल्याखेरीज मुलांस फराळास बसूं देऊं नये.

गांठीविषयीं एकच सूचना. दोरी गळाच्या नेढ्यांतून ओंवून तिचे मूळ दोरीभोंवतीं पांच वेढे द्यावे, टोंक नेढ्याजवळच्या फांशांतून व मग झालेल्या मोठ्या वेढ्यांतून काढावें, आणि आंवळण्यापूर्वीं गांठ ओली करावी. कोरडी आंवळलेली नायलॉनची दोरी घर्षणानें तापते व तेथेंच कमकुवत होते.

गळ

आतां मुख्य मुद्दा. गळांच्या क्रमांकांची रीत प्रथम गोंधळांत पाडते. १, २, ४, ६ असे आंकडे चढत जातात तसा गळ लहान होतो. परंतु आंकड्यापुढें तिरपी रेघ व शून्य आलें, म्हणजे १/०, ५/०, ८/० असें असलें, कीं आंकड्याबरोबर गळही वाढतो. चॅनलसाठीं लहान, तर मोठ्या ब्ल्यूसाठीं ८/० च्या आसपासचा गळ घेतात.

क्रमांकापेक्षां आकार अधिक महत्त्वाचा. उग्र आमिषासाठीं तीन टोंकांचा गळ सर्रास वापरतात. मासा तो पोटापर्यंत गिळतो, आणि मग तो काढणें म्हणजे माशाचा जीव घेणें. याच्या उलट 'सर्कल हुक', म्हणजे वर्तुळाकार गळ. याचें टोंक आंत, दांड्याकडे वळलेलें असतें. मासा आमिष गिळून वळला कीं, हा गळ घशांत न रुततां सरकत बाहेर येतो आणि ओठाच्या कोपऱ्यांत अडकतो. पॅसिफिक महासागरांतील बेटांवरचे लोक शंखशिंपल्यांचे असेच आंत वळलेले गळ प्राचीन काळापासून वापरीत आले आहेत.

हा गळ लावणाऱ्यानें एक संवय मात्र मोडली पाहिजे. दोरी हालतांच काठीस हिसका देऊं नये. दिल्यास गळ तोंडांतून नुसता निसटून येतो. काठी टेकणांत बसवावी, ती वांकून राहीपर्यंत स्वस्थ बसावें, आणि मग सावकाश रीळ फिरवावें. आमिषानें गळाचें तोंड भरून टाकूं नये. टोंक उघडें राहिलें पाहिजे. उतावळ्या मुलास इतका उपयुक्त गुरु दुसरा मिळणें कठीण!

सोडावें कोणास, ठेवावें कोणास

या माशाच्या संसाराविषयीं एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. उन्हाळ्याच्या आरंभीं, पाणी २४ ते २७ अंशांपर्यंत तापलें म्हणजे, चॅनलची मादी एखाद्या बिळांत अंडीं घालून निघून जाते. आणि पुढें आठवडाभर नर त्या अंड्यांजवळ बसून राहतो. परांनीं वारा घालावा तसें तो त्यांवर ताजें पाणी खेळवितो व जो जवळ येईल त्याच्यावर धांवून जातो. ब्ल्यू व फ्लॅटहेड यांचे नरही अंडीं राखतात. असा राखणदार गळानें उचलून नेला, तर उघडीं पडलेलीं अंडीं इतर मासे पाहतां पाहतां फस्त करतात. या दिवसांत मोठा मासा लागल्यास त्यास तत्काळ सोडावें, तें एवढ्यासाठीं.

सोडण्यासही रीत आहे. हात आधीं ओले करावे, कारण अंगावरील बुळबुळीत थर हेंच त्याचें चिलखत आहे. एक हात पोटाखालीं द्यावा, लांब चिमट्यानें गळ काढावा, आणि तो खोल गेला असेल तर ओढाताण न करतां दोरीच जवळून कापावी.

ज्या घरीं मासे खातात त्यांनीं लहान ठेवावे, मोठे सोडावे. वयानें मोठ्या माशांच्या अंगांत पारा व इतर विषारी द्रव्यें साठलेलीं असण्याचा संभव अधिक. कोणत्या पाण्यांतला कोणता मासा किती खावा, याच्या याद्या राज्यांचीं खातीं प्रसिद्ध करतात, आणि गर्भवती स्त्रिया व मुलें यांसाठीं त्यांत निराळी सूचना असते.

या नियमास एक अपवाद आहे. व्हर्जिनियांतील नद्यांत १९७० नंतरच्या दशकांत मुद्दाम सोडलेला ब्ल्यू मासा चेसापीक उपसागरांत पसरून तेथल्या मूळच्या जलचरांस डोईजड झाला आहे. तेथें तो धरून खावा, असेंच अधिकारी सांगतात. आपल्याकडे आफ्रिकी मागुराची तीच कथा. भारत सरकारनें २००० सालीं त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, ती अशाच कारणानें. मासा तोच, पण आपल्या पाण्यांत तो घरचा असतो, परक्या पाण्यांत घरबुडव्या.

शेवटीं व्यवहाराचें. परवाना राज्याराज्यांचा निराळा असतो. पुष्कळ ठिकाणीं लहान मुलांस तो लागत नाहीं, परंतु पाहुण्या आजोबांनीं हौसेनें काठी हातीं धरली तर त्यांस लागतो. तेव्हां आधीं चौकशी करावी. पहिल्या खेपेस एक काठी व रीळ, नायलॉनची दोरी, चार वर्तुळाकार गळ, थोडीं वजनें, एक बूच, लांब चिमटा आणि दोरी कापण्यास कात्री, इतकें सामान पुरे. चिमटा व कात्री हीं दुकानदार आपण होऊन दाखवीत नाहीं, कारण त्यांनीं मासा लागत नाहीं. पण नातवाच्या पिशवींत तीं सर्वांआधीं पडलीं पाहिजेत, आणि त्यांचा उपयोग कशासाठीं तेंही घरच्या वडीलधाऱ्यांनींच त्यास सांगितलें पाहिजे.