गीझरची झडप थेंब गाळते, ती बुजवू नका

थंडीचे दिवस आले की आंघोळीला ऊन पाणी सर्वांनाच लागते. पहाटे उसाला पाणी पाजून आलेला घरधनी असो, शाळेला निघालेली मुले असोत, की दम्याने बेजार झालेले आजोबा असोत. पूर्वी आपल्या खानापूर-बेळगाव भागात परसातली चूल किंवा तांब्याचा बंब हे काम करी. आता पुष्कळ घरांत विजेचा गीझर आला आहे. सरपण वाचले, धूर गेला, बायाबापड्यांचे कष्ट कमी झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बंब आणि गीझर यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तो घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा म्हणून हा लेख.

बंब उघडा, गीझर बंद

बंबातील पाणी कितीही उकळले तरी वाफ वरून निघून जाते. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. गीझर मात्र सर्व बाजूंनी बंद असतो.

पाणी तापले की फुगते. २५ लिटरच्या गीझरमधील पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेले, तर ते सुमारे ३५० मिलिलिटरने वाढते. या वाढलेल्या पाण्याला जागा हवी. थंड पाण्याची नळी छतावरील टाकीपर्यंत मोकळी असेल, तर ते मागे सरकते. पण वाटेत पाणी परतू न देणारा व्हॉल्व्ह असेल, किंवा कोणी कॉक बंद केला असेल, तर आतला दाब चढू लागतो.

याहून मोठा धोका थर्मोस्टॅट बिघडल्यावर उद्भवतो. ठरलेल्या उष्णतेला वीज तोडणे हे त्याचे काम. तो चिकटून बसला आणि वीज तोडणारे दुसरे साधनही निकामी झाले, तर पाणी तापतच राहते. दाबाखालचे पाणी १०० अंशांवर उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये ते सुमारे १२० अंशांपर्यंत जाते, हे आपल्या गृहिणी रोज अनुभवतात. गीझरमध्ये ते याहूनही वर जाऊ शकते. अशा वेळी टाकी फाटली, तर त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. भिंत पाडण्याइतकी ताकद तिच्यात असते.

झडपेचे काम

हा अनर्थ टाळण्यासाठी गीझरला सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजेच जादा दाब सोडणारी झडप बसवतात. युक्ती जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँ यांनी १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे बंद भांड्यात अन्न शिजवण्याचे यंत्र मांडले. दाब वाढला की उचलली जाणारी वजनदार झडप त्यांच्याच यंत्राला लागली. कुकरची शिट्टी ही तिचीच नात. आपल्याकडील अनेक घरगुती गीझरची झडप सुमारे ८ किलो दाबाला उघडते, थोडे पाणी बाहेर सोडते आणि पुन्हा मिटते.

आम्ही घरभेटींना जातो तेव्हा एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. झडपेतून थेंब पडतात, न्हाणीची फरशी ओली राहते, म्हणून कोणी तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली असते, तर कोणी लाकडी खुंटी ठोकलेली असते. बंधूंनो, हे कुकरची शिट्टी बांधून ठेवण्यासारखे आहे! पाणी तापताना थेंब पडणे हा दोष नव्हे. झडप जागी असल्याची ती खूण आहे. गीझर बंद असतानाही पाणी सतत गळत असेल, तर झडपेत कचरा किंवा क्षार अडकला आहे, अथवा नळातला दाबच जास्त आहे, असे समजून कारागिराला बोलवावे. थेंबांचा त्रास होत असेल, तर झडपेच्या तोंडाला बारीक नळी लावून ती खाली उतरती मोरीत सोडावी. नळीचे टोक नेहमी उघडे असावे.

विहीर-बोअरवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावे

दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ किलो होतो. छतावरील टाकीपासून गीझरला अर्धा-पाऊण किलोच दाब मिळतो. पण शंभर मीटर उंच पाणी फेकणाऱ्या बोअरच्या पंपाची लाइन थेट गीझरला जोडली आणि सर्व नळ बंद असले, तर १० किलोपर्यंत दाब येऊ शकतो. म्हणून बोअरचे पाणी आधी टाकीत आणि मग टाकीतून गीझरला, हा नियम मोडू नये.

बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्याचे पांढरे खवले कॉइलवर व झडपेच्या तोंडाशी साचतात. वर्षातून एकदा गीझर रिकामा करून साफ करवून घ्यावा. झडपेला दांडी असेल, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती अधूनमधून उचलून पाहावी. तत्पूर्वी वीज बंद करून पाणी निवू द्यावे. दांडी उचलूनही पाणी येत नसेल, किंवा आलेले थांबत नसेल, तर झडप बदलावी. नवी झडप त्याच दाबाची घ्यावी, जास्तीची नव्हे.

इतर सूचना

१. गीझर आय.एस.आय. चिन्हाचा असावा, अर्थिंग पक्के असावे. ३००० वॅटचा गीझर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. त्याला साधा पाच-सहा अँपिअरचा प्लग चालत नाही.

२. उष्णता ६० अंशांच्या वर ठेवू नये. त्या पाण्यानेही मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, मुलांची त्याहून लवकर. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे, मग ऊन.

३. नळातून वाफ येऊ लागली किंवा गीझर खदखदू लागला, तर मेन स्विच बंद करून सर्वांनी दूर व्हावे. नळ उघडू नये, झडपेला हात लावू नये. गीझर पूर्ण निवल्यावरच कारागिराला दाखवावा.

४. कोणी भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे नळाचे थंड पाणी सोडावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखान्यात न्यावे.

५. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला काही कळत नाही.

नवी झडप घेण्यास फार पैसे लागत नाहीत. नाताळसाठी घर रंगवायला काढाल, त्याच आठवड्यात न्हाणीतल्या गीझरखाली एकदा वाकून पाहावे. झडपेच्या तोंडाला चिंधी, खुंटी किंवा पट्टी आढळली, तर गीझरची वीज तत्काळ बंद करावी आणि झडप दुरुस्त होईपर्यंत चुलीवरचेच पाणी घ्यावे.