चौसष्ट घरांचे दफ्तर – लेखांक ९ : तळाच्या खेळाडूचे चार गुण

गेल्या आठवड्यात बाद पद्धतीच्या स्पर्धांचा विचार केला. संक्रांतीच्या तीन दिवसांत येवल्याच्या गच्च्यांवर रंगणारी काटाकाटी ज्याने पाहिली आहे, त्याला ती पद्धत निराळी समजावून देण्याचे कारण नव्हते. मांजा कटला की पतंग गेला, उरला मांजा आसारीवर गुंडाळावयाचा, आणि ज्याने तो काटला त्याचा मान निर्विवाद. साखळी पद्धतीची प्रकृती याहून सर्वस्वी भिन्न आहे. येथे कोणी कोणास स्पर्धेबाहेर घालवू शकत नाही. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे, विजयास एक गुण व बरोबरीस अर्धा घ्यावयाचा, आणि ज्याच्या पदरी आठ दिवस केवळ पराभवच आले आहेत त्यानेही नवव्या दिवशी ठरल्या वेळी पटापुढे येऊन बसावयाचे. हरणाऱ्याची ही हजेरी वरकरणी निरर्थक वाटते. ती किती अर्थपूर्ण ठरू शकते हे दाखविण्यासाठीच आजचा लेखांक खर्ची घालीत आहे.

प्रथम थोडे हिशेबाचे. खेळाडूंच्या संख्येस तीहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून गुणाकाराची निमपट केली की डावांची एकूण संख्या मिळते. सहा गडी असले तर 15 डाव, तेवीस असले तर 253. 1948 साली हेग व मॉस्को येथे जगज्जेतेपदासाठी पाचच खेळाडू जमले असता प्रत्येकाने प्रत्येकाशी पाच पाच डाव खेळावे असे ठरले, तेव्हा 50 डाव झाले. 1953 साली स्वित्झर्लंडात नॉयहाउझेन व झुरिक येथे पंधरा जण दोन दोन वेळा एकमेकांसमोर बसले, तेव्हा 210. फेऱ्यांची वाटणी करण्याची युक्ती मोठी सुटसुटीत आहे. सहा जणांस समोरासमोर तिघे तिघे असे बसवावे, पहिल्याने सहाव्याशी, दुसऱ्याने पाचव्याशी व तिसऱ्याने चौथ्याशी खेळावे. पुढील फेरीस सहाव्या गड्याने जागा न सोडता इतर पाचांनी एकेक जागा पुढे सरकावे, म्हणजे पाच फेऱ्यांत सर्वांच्या सर्वांशी गाठी पडतात व एकही गाठ दुबार होत नाही. गडी विषम असल्यास ती न हलणारी जागा रिकामी ठेवावी. तिच्यासमोर जो येईल त्यास त्या दिवशी विश्रांती. एखाद्या वाचनालयाच्या ओसरीवर स्पर्धा भरविणाऱ्यास एवढा जाबता पुरेसा आहे, आणि जगज्जेतेपदाच्या मार्गावरील स्पर्धांसही त्याहून फारसे निराळे काही लागत नाही.

1962 च्या जानेवारीअखेर स्टॉकहोम येथे सुरू होऊन मार्चपर्यंत चाललेल्या आंतरविभागीय स्पर्धेत असे तेवीस खेळाडू होते, आणि त्यांत एक भारतीय होता. मॅन्युएल अ‍ॅरन यांचा जन्म 1935 चा, ब्रह्मदेशातील टौंगू येथला, वाढ तामिळनाडूतील. मंगोलियाच्या मोमोला व त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या सेसिल पर्डीला हरवून त्यांनी ही जागा मिळविली होती, आणि 1961 साली इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले होते. स्टॉकहोमला मात्र बावीस डावांत त्यांच्या खाती चार गुण जमा झाले आणि तक्त्यात त्यांचे नाव अगदी तळाशी आले.

या चार गुणांकडे पाहताना आपल्याकडील बुद्धिबळाची त्या काळची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील जुन्या खेळींत प्याद्यास पहिल्या खेपेसही एकच घर चालावे लागे. राजास शह बसलेला नसेल तोवर एकवार घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. प्यादे पलीकडच्या टोकास पोचले म्हणजे ते सरसकट वजीर न होता ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले त्या मोहऱ्याचा दर्जा त्यास मिळे. आणि प्रतिपक्षाचा एकटा राजा उरला तर ‘बुर्जी’ होऊन पुऱ्या विजयाचे श्रेय हातचे जाई. असा खेळ शेवटाकडे अत्यंत सूक्ष्म होई यात शंका नाही, परंतु आरंभी तो संथ चाले, आणि युरोपात दीडदोन शतके खपून रचलेले आरंभीच्या चालींचे जे शास्त्र, ते बव्हंशी प्यादे एकदम दोन घरे पुढे टाकण्यावर उभारलेले असल्याने आपल्याकडील निष्णातासही ते परके राही. मीर सुलतान खान याने 1929, 1932 व 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले ते ही उणीव असूनही; असा पुरुष अपवादच म्हणावयाचा. अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला 1951 साली, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा आंध्रातील एलुरू येथे भरली 1955 साली, जिच्यात आपले रामचंद्र सप्रे व आंध्राचे डी. वेंकय्या यांनी अजिंक्यपद विभागून घेतले. ज्या देशाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा होऊन पुरती सात वर्षेही लोटली नव्हती, त्याचा प्रतिनिधी फिशर, पेत्रोस्यान व गेलर यांच्या पंक्तीस बसला होता. तो तळाशी राहिला याचे मला यत्किंचितही वैषम्य वाटत नाही. वाटते ते आश्चर्य, आणि तेही त्याने कोणाकोणास हरविले ते पाहून.

स्पर्धेचा वरचा भाग असा. अठरा वर्षांचा बॉबी फिशर एकही डाव न गमावता साडेसतरा गुणांनी पहिला. पेत्रोस्यान व गेलर पंधरा. कोर्चनॉय व चेकोस्लोव्हाकियाचा फिलिप चौदा. पुढील टप्प्यासाठी सहा जण निवडावयाचे होते, आणि सहाव्या जागेवर साडेतेरा गुणांचे तिघे अडकले होते : सोव्हिएत स्टाइन, अमेरिकेकडून खेळणारा हंगेरियन बेंको आणि युगोस्लाव्हियाचा ग्लिगोरिच. त्यांच्या मागे साडेबारा गुणांवर जे थांबले त्यांत पूर्व जर्मनीचा उलमान व हंगेरीचा पोर्टिश हे दोघे होते, आणि या दोघांनाही अ‍ॅरन यांनी हरविले होते!

आता वाचकांनी स्वतःच बेरीज करावी. उलमानने किंवा पोर्टिशने तळाच्या या खेळाडूवर विजय मिळविला असता, जो त्यांनी मनातल्या मनात जमेस धरला असल्यास नवल नाही, तर त्याचे साडेतेरा गुण झाले असते आणि सहाव्या जागेच्या तंट्यात तोही एक फिर्यादी म्हणून उभा राहिला असता. नुसती बरोबरी पुरली नसती. पुरा गुणच हवा होता. इतरत्र गमावलेले अर्धे गुणही त्यांच्या नावे लिहिलेले होतेच, तेव्हा सारा दोष एका डावाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण बलाढ्यांकडून अर्धा अर्धा गुण मिळविण्यासाठी रात्री जागून तहकूब डावांचा अभ्यास करावयाचा आणि जो गुण गृहीत धरला तोच हातचा जावा, हा प्रकार साखळी पद्धतीतच संभवतो.

त्या तंट्याचा निकाल पुढे मोठा चमत्कारिक लागला. तिघांच्या निर्णायक सामन्यांत स्टाइन पहिला आला, तथापि या स्पर्धेतून एका देशाचे तीनच खेळाडू पुढे जावे असा निर्बंध असून पेत्रोस्यान, गेलर व कोर्चनॉय यांनी त्या जागा व्यापल्या असल्याने स्टाइनचे यश दफ्तरी नोंदण्यापुरतेच उरले, आणि सनद मिळाली बेंकोला. तो पुढील टप्पा म्हणून त्याच वर्षी कुरासाओ बेटावर आठ जणांची चार फेरांची साखळी भरली. तेथे अखेरीस पेत्रोस्यान व स्टॉकहोमला न खेळता थेट प्रवेश मिळालेला सोव्हिएत केरेस यांची चुरस लागली असता, शेवटून दुसऱ्या डावात केरेसची गाठ बेंकोशी पडली. यापूर्वीचे तिन्ही डाव केरेसने जिंकले होते. हा मात्र तो हरला, आणि पेत्रोस्यानच्या साडेसतरा गुणांपुढे त्याचे सतरा भरले. पुढल्या वर्षी बोट्विनिकला हरवून पेत्रोस्यान जगज्जेता झाला. केरेसला तो मान जन्मात लाभला नाही.

याच कुरासाओत साखळी पद्धतीचे व्यंगही उघडे पडले. पेत्रोस्यान, गेलर व केरेस यांनी आपापसांतील बाराही डाव बरोबरीत सोडविले; आपसांत शक्ती वाचवावयाची व ती इतरांवर खर्चावयाची असा हा तह होता, असा जाहीर आरोप फिशरने अमेरिकेतील एका साप्ताहिकात केला. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे म्हटल्यावर काहींनी एकमेकांशी न खेळल्यासारखे खेळण्याची वाट मोकळीच राहते. फिशरच्या चौथ्या क्रमांकास तेवढेच एक कारण होते असे मला वाटत नाही. तो तेथे स्टॉकहोमइतका चांगला खेळला नाही, हेही खरे. परंतु जागतिक महासंघाने तक्रारीची दखल घेतली, आणि 1965 पासून आव्हानवीराची निवड साखळीऐवजी दोघादोघांच्या सामन्यांनी होऊ लागली. त्या सामन्यांचा विचार पुढील लेखांकी करू.