‘किती वायरी आहेत, आधी ते सांग!’ : बोलल्याशिवाय न सुटणारे दोघांचे व्हिडिओ गेम

बेळगाव : रात्री साडेदहाची वेळ. शहापुरातल्या एका घरात पुढच्या खोलीतून मोठमोठ्याने आवाज येतोय. "किती वायरी आहेत? अरे रंग नंतर, आधी किती ते सांग की! लाल एकही नाही? नक्की? मग दुसरी काप." आतल्या खोलीतून आजी विचारते, "कुणाच्या घरची लाईट गेली रे?"

लाईट कुणाचीच गेलेली नसते. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळणारा हा तरुण पुण्यातल्या आपल्या शाळकरी मित्राशी फोनवर बोलत असतो. मित्राच्या लॅपटॉपवर एक बॉम्ब आहे, त्यावरचं घड्याळ उलटं धावतंय आणि तो निकामी कसा करायचा याचे कागद इकडे शहापुरात पलंगावर पसरलेत. मित्राला कागद दिसत नाहीत, याला बॉम्ब दिसत नाही. मधे फक्त फोन.

या खेळाचं नाव ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’, म्हणजे बोलत राहा, कुणाचा स्फोट होणार नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातील स्टील क्रेट गेम्स या छोट्या कंपनीने तो २०१५ साली बाजारात आणला. व्हिडिओ गेम म्हटलं की मान खाली घालून एकटाच बसलेला, हाक मारली तरी ‘ओ’ न देणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. इथे उलट आहे. गप्प बसला की हरलाच. बोटांची चपळाई लागत नाही, नेम लागत नाही. समोर आहे ते दुसऱ्याला कळेल असं सांगता येतं का, एवढीच परीक्षा.

बॉम्बवर वेगवेगळे चौकोनी भाग असतात. एकात रंगीत वायरी, एकात मोठं बटण, एकात विचित्र चिन्हांच्या चार कळा, एकात लुकलुकणारा मोर्स कोडचा दिवा. प्रत्येक भागाचे नियम २३ पानांच्या माहितीपुस्तिकेत आहेत. ही पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली की झालं. म्हणजे गेम एकानेच विकत घ्यायचा. कागदवाल्याला कॉम्प्युटर नसला तरी चालतो, गेमची सवय तर नकोच. ज्यांना मुलांच्या गेममधलं काही कळत नाही अशा आईवडिलांनाही हे काम जमण्यासारखं आहे. किंबहुना आयुष्यभर नियमावल्या आणि परिपत्रकं वाचलेल्या निवृत्त कारकुनाला ते पोरांपेक्षा बरं जमेल.

नियम कसे आहेत ते एका उदाहरणावरून कळेल. तीन वायरी असतील आणि त्यात लाल एकही नसेल, तर दुसरी कापायची. लाल असेल, पण शेवटची वायर पांढरी असेल, तर शेवटची. तसंही नसेल आणि निळ्या एकापेक्षा जास्त असतील, तर निळ्यांतली शेवटची. यातलं काहीच लागू नसेल, तरीही शेवटचीच. वायरी चार असतील तर नियम वेगळे, आणि त्यात बॉम्बवरच्या अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा सम आहे की विषम तेही बघायचं. सुरुवातीच्या बॉम्बला पाच मिनिटं मिळतात. एक चूक झाली की घड्याळ जोरात पळू लागतं. तिसरी चूक झाली की धडाम.

नवीन माणूस बॉम्बसमोर बसला की आधी डोळ्यांत भरेल ते सांगतो. "एक लाल वायर आहे, एक बटण आहे, त्यावर काहीतरी लिहिलंय..." कागदवाल्याला याचा काही उपयोग नाही. पुस्तिकेत पहिला प्रश्न ‘किती’ हा आहे, रंग नंतर. दोन-तीन बॉम्ब फुटल्यावर हे उमगतं. आपल्याला काय दिसतंय यापेक्षा समोरच्याला कुठल्या क्रमाने हवंय, हे महत्त्वाचं.

त्रिशूळ, घोड्याचा नाल आणि शेंडीवाला तीन

खरी मजा चिन्हांच्या भागात आहे. चार कळा, प्रत्येकीवर एक चिन्ह. पुस्तिकेत सहा रकाने, प्रत्येकात सात चिन्हं. चारही चिन्हं ज्या एका रकान्यात सापडतील, त्या रकान्याच्या क्रमाने कळा दाबायच्या. अडचण एवढीच की या चिन्हांना आपल्याला माहीत असलेलं नावच नाही. काही जुन्या ग्रीक लिपीतली, काही रशियन वळणाची. मग प्रत्येक जोडी आपापली नावं पाडते. ग्रीक ‘साय’ अक्षराला आपल्याकडे कुणीही त्रिशूळच म्हणेल. ‘ओमेगा’ झाला घोड्याचा नाल. एक चिन्ह आकड्यातल्या तीनसारखं, पण डोक्यावर काहीतरी असलेलं, तो शेंडीवाला तीन. त्याचाच भाऊ शोभेल असं दुसरं चिन्ह दुसऱ्या रकान्यात आहे, तो शेपटीवाला तीन. या दोन तिनांनी शहापूर-पुणे जोडीचे किती बॉम्ब फोडले याची मोजदाद नाही.

चांदण्याही दोन आहेत, एक भरीव आणि एक पोकळ. भरीव एकाच रकान्यात, पोकळ दोन रकान्यांत. त्यामुळे नुसतं ‘चांदणी’ म्हणून भागत नाही. त्रिशूळही दोन रकान्यांत आहे, घोड्याचा नाल मात्र शेवटच्या एकाच. मुरलेला कागदवाला चारही चिन्हांची वर्णनं ऐकत बसत नाही. "नाल आहे का? आहे? बास, मग शेवटचा रकाना," असं म्हणून मोकळा होतो.

ही नावं कशी पाडली जातात यावर मानसशास्त्रात गाजलेलं काम आहे. हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्ज या संशोधकांनी १९८६ साली ते प्रसिद्ध केलं. एकमेकांना न दिसणाऱ्या दोघांसमोर टॅनग्रामच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या १२ आकृत्या ठेवल्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने त्याच क्रमाने मांडायच्या, असं सहा वेळा. पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी सांगणाऱ्याला सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत ८. आधी हात कुठे, पाय कुठे असं लांबलचक वर्णन, आणि शेवटी ‘बर्फावर घसरणारा’ एवढं म्हटलं तरी पुरे. संशोधकांचा मुद्दा असा की नाव एकटा सांगणारा ठरवत नाही. ऐकणारा ‘हां, कळलं’ म्हणतो तेव्हा ते पक्कं होतं.

जुन्या पेढीवर काम केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. एकाने रोजकीर्दीतून रक्कम पुकारायची, दुसऱ्याने ती पुन्हा मोठ्याने म्हणून खतावणीत खूण करायची. पुन्हा म्हटल्याशिवाय खूण नाही. विमानाचा पायलटही कंट्रोल टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतो ती याचसाठी. या खेळात तोच नियम पाळणारी जोडी टिकते. "दुसरी काप." "दुसरी, वरून दुसरी, काळी. कापू?" "काप." एवढ्याला तीन सेकंद जातात, पण बॉम्ब वाचतो.

सगळ्यात छळणारा भाग शब्दांचा आहे. त्याचं नाव ‘हूज ऑन फर्स्ट’, अॅबट आणि कॉस्टेलो या अमेरिकन विनोदी जोडीच्या नावांच्या घोळावरच्या प्रसिद्ध प्रहसनावरून घेतलेलं. पडद्यावर एक इंग्रजी शब्द, खाली शब्दांची सहा बटणं. शब्दही मुद्दाम निवडलेले : ‘युअर’ आणि ‘यू आर’चे सारखे उच्चार होणारे प्रकार, ‘व्हॉट’ प्रश्नचिन्हासह आणि प्रश्नचिन्हाशिवाय, ‘अ हं’, ‘अं अं’, ‘अंऽऽ’. कधी पडद्यावर ‘ब्लँक’ हा शब्द असतो, कधी ‘नथिंग’ हा शब्द असतो, तर कधी खरोखरच काही नसतं. तेव्हा "काही नाही" म्हणणाऱ्याला नेमकं काय म्हणायचंय ते देवच जाणे.

इथे मराठी जोडीला एक फायदा आहे. इंग्रजीत बोलणाऱ्यांनी ‘वेट’ म्हटलं तर ती सूचना आहे की पडद्यावरचा शब्द, हा घोळ होतो. आपल्याकडे थांबायचं असेल तर ‘थांब’ म्हणतात, ‘वेट’ म्हणजे पडद्यावरचाच शब्द. अर्थात बेळगावची तरुण पोरं बोलताना एरवीही ‘वेट वेट’ म्हणतात, तेव्हा हा फायदा कागदावरच राहतो. ‘युअर’च्या भानगडीला मात्र एकच औषध, स्पेलिंग सांगणे. वाय-ओ-यू-आर. मधे वर टिंब आहे की नाही, तेही.

वॉकीटॉकीवरची भेट

याच जातकुळीतली दुसरी मालिका म्हणजे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या टोटल मेहेम गेम्स या कंपनीची ‘वी वेअर हिअर’. पहिला भाग २०१७ साली आला. तो स्टीम या संकेतस्थळावर फुकट मिळतो, पुढचे भाग २०१८, २०१९ आणि २०२२ सालचे, विकतचे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले दोन शोधप्रवासी एका ओसाड किल्ल्यात येऊन पडतात आणि त्यांची ताटातूट होते. एकजण ग्रंथालयात, पुस्तकं आणि नकाशांजवळ. दुसरा खोल्याखोल्यांतून फिरणारा, धोक्यात असलेला. दोघांजवळ फक्त वॉकीटॉकी, तीही बटण दाबून बोलायची. एकाचं संपल्यावर दुसऱ्याने. सवय नसलेली पोरं इथे एकमेकांच्या बोलण्यात बोलून गोंधळ घालतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. आसपासच्या गावांत वायरलेसवर बोललेले निवृत्त जवान भरपूर आहेत. ‘ओव्हर’ म्हणून गप्प बसायची शिस्त त्यांच्याकडून शिकावी.

दोघांनी मिळून खेळायचे कोडे-खेळ पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत बोलणं इतकं मोलाचं नसतं. २०११ सालच्या ‘पोर्टल २’मध्ये जोडीदाराला जागा बोट दाखवल्यासारखी खुणेने दाखवता येते. २०२१ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ या सोहळ्यात वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला ‘इट टेक्स टू’ सुंदर आहे आणि एकाने विकत घेतला तर दुसऱ्याला तो मोफत खेळता येतो. पण त्यात पडदा दुभागलेला असतो, दोघांना दोन्ही बाजू दिसतात. मग सांगण्यासारखं कमी उरतं. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी ‘द पास्ट विदिन’ हा २०२२ चा खेळ मोबाईलवर आहे. एकजण भूतकाळात, दुसरा भविष्यात. मात्र यात दोघांनीही गेम विकत घ्यावा लागतो. साधारण दोन तासांत संपतो. त्या दोन मोबाईलचा एकमेकांशी काही संबंध जोडावा लागत नाही, जोडायचं काम बोलण्याने.

दोन सूचना. ‘वी वेअर हिअर’मध्ये अनोळखी जोडीदारही मिळतो, पण लहान मुलांनी अनोळखी माणसाशी बोलत बसू नये, ओळखीचाच गडी घ्यावा. आणि बॉम्बचा खेळ पुण्याच्या बसमध्ये बसून खेळू नये. "अजून दीड मिनिट आहे, लाल कापू की निळी?" हे शेजारच्या सीटवरच्या माणसाने ऐकलं तर पुढचा बॉम्ब पोलीस ठाण्यात सोडवावा लागेल.

शहापूर-पुणे जोडीकडे परत यायचं तर, गेम सुरू होण्याआधी या दोघांचं फोनवरचं बोलणं चार वाक्यांवर आलं होतं. "काय चाललंय?" "काय नाही, तू सांग." "सुट्टीला कधी येणार?" "बघूया." दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. मित्र नोकरीला पुण्याला गेला, तिकडचे विषय वेगळे, इकडचे वेगळे. वाढदिवसाला व्हॉट्सअॅपवर केकचं चित्र जायचं, बस्स. बॉम्बने त्यांना बोलायला काम दिलं. आणि काम करताना मधल्या मधे बाकीचं निघतं : वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन, ऑफिसातली कटकट, जुळत आलेलं आणि मोडलेलं लग्न. ‘कसा आहेस?’ या थेट प्रश्नाला जे उत्तर मिळत नव्हतं, ते पुढचा बॉम्ब लोड होईपर्यंतच्या वेळात मिळू लागलं.

भांडणही झालं. एकदा पुणेकर कातावला, "तुला साधं वाचता येत नाही का?" म्हणाला. इकडे कागद खाली ठेवले गेले. दोन आठवडे फोन नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा की शहापूरवाल्याने स्वतःच्या मोबाईलवर गेम विकत घेतला आणि कागद पुण्याला वाचायला दिले. पहिल्याच रात्री पुणेकराचे चार बॉम्ब फुटले. घड्याळ दिसत नसताना, पानं उलटत, तीन अटींतली कुठली लागू हे शोधायला किती वेळ लागतो, ते त्याला तेव्हा कळलं. तेव्हापासून एक दिवसाआड जागा बदलायच्या असं ठरलंय.

दिवाळीत मित्र गावी आला होता. फराळ झाल्यावर दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून खेळायला बसले. आजीने खाली पडलेला चिन्हांचा कागद उचलून पाहिला. गोल आणि त्याला खाली दांडी, अशा एका चिन्हाला दोघं इतके महिने ‘फुगा’ म्हणत होते. आजी म्हणाली, "फुगा कसला? पळी आहे ती." आता पुण्याहून फोनवर विचारणा होते ती "पळी कितव्या रकान्यात रे?" अशीच.