अठ्ठावन्न सीसीचा मोह

काटोलकडच्या आमच्या बागेतली ४० संत्र्याची झाडं गेल्या मार्चात काढून टाकली. मृग बहाराचा शेवटचा तोडा झाला, आणि डिंक्यानं सोललेली ती खोडं पाहून घरात एकदाचं एकमत झालं. जेसीबीवाला आला, दोन तासांत सगळी झाडं मुळासकट आडवी केली, चहा पिऊन निघून गेला. बांधावर जो ढीग उभा राहिला त्याच्याभोवती एक फेरी मारली तेव्हा ध्यानात आलं, खरं काम आता सुरू होणार.

जळतण घरी लागतंच. थंडीत आंघोळीचा बंब, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, आणि पाहुणे आले की मटक्यावरच्या लांब पोळ्या. गॅस आहे, पण उलट्या मडक्यावर हातभर लांब पोळी टाकायची तर खाली सगळीकडून चाटणारी ज्योत हवी, आणि ती शेगडीच्या बर्नरमधून येत नाही. पूर्वी असा ढीग दोन माणसं आणि एक आडवी करवत आठवडाभरात संपवायची. आता त्या जोडीतला एक म्हातारा उरला आहे. तो म्हणाला, “भाऊ, मशीन घ्या आता. माह्या खांद्यात काही दम नाही राहिला.”

नागपुरात लाकडाचं काही निघालं की पाय आपोआप लकडगंजाकडे वळतात. वस्तीच्या नावातच लाकूड आहे. टिंबर मार्केट, आरागिरण्या, दाराच्या चौकटी, ओल्या भुशाचा तो आंबूस वास. आधी विचार केला, लाकूडच इथे आणून कापून घ्यावं. एका आरागिरणीत विचारलं, तर तिथल्या मिस्त्रीनं माझ्या मोबाइलमधला ढिगाचा फोटो पाहिला आणि हसला. संत्र्याचं झाड जमिनीपासून दोन-तीन फुटांवर फाटतं. सरळ असा ओंडका त्यात सापडतच नाही. असलं वाकडंतिकडं लाकूड पट्ट्याच्या आरीवर कोण चढवणार? शिवाय आरागिरणी म्हणजे परवान्याचा धंदा. १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या गोदावर्मन खटल्यानंतर देशभरातल्या आरागिरण्यांवर वन खात्याची नजर कडक झाली, तेव्हा माल कुठून आला हा प्रश्न तिथे पहिला विचारला जातो. बरोबरच आहे.

मग यंत्राच्या दुकानांत शिरलो. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं आणि त्यांच्या रांगेत लाल-नारिंगी चेन सॉ. गावाकडे याला कुणी ‘कटर’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘मशीन’. दुकानदारानं पहिलीच काढली ती ५८ सीसीची, २२ इंची पात्याची. “मोठीच घेऊन टाका ना, पुन्हा पुन्हा काय घेता.” किंमतही नामांकित कंपनीच्या लहान यंत्राहून कमी. हातात घेतली तर पुढचं टोक जमिनीकडे झुकत होतं. तरी सांगतो, मोह झाला. मोटरसायकल घेताना सीसी विचारायची सवय आपल्या हाडात मुरली आहे. जास्त सीसी म्हणजे जास्त मर्दानी, असा काहीसा हिशेब.

तो हिशेब घरी येऊन कागदावर मांडला. ढिगातलं सगळ्यात जाड खोड १० इंचांचं. बहुतेक फांद्या चार ते सहा इंचांच्या. पात्याची लांबी लाकडाच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त असली की काम एका कापात होतं. एखादं जाड निघालंच तर दोन्ही बाजूंनी कापता येतं. म्हणजे १२ इंची पात्यात काम भागतं, १४ इंचीत आरामात होतं. २२ इंचांचं पातं घेऊन मी काय कापणार होतो, आलापल्लीचा साग?

पातं लांबलं की त्यावरची साखळीही लांबते आणि साखळीबरोबर दात वाढतात, हे दुकानात कुणी सांगत नाही. १४ इंची पात्यावरच्या बारीक साखळीला साधारण २५ दात असतात, २२ इंचीला ४३. हे दात कानशीनं घासून तुम्हालाच धारदार करायचे आहेत, एकेक करून, डावे वेगळे आणि उजवे वेगळे. उन्हात बांधावर बसून ४३ दात घासले की सीसीचा मोह उतरतो.

या दातांची गोष्ट मला या सगळ्या शोधात फार आवडली. साखळीची करवत मुळात लाकडासाठी जन्मलीच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापायला बारीक दातांची लवचिक साखळी वापरली. अडलेल्या बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेतही ती लागे. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मनानं तिला फिरवायची मूठ जोडली. पेट्रोलवरची झाडतोडीची करवत आंद्रेआस श्टील यांनी १९२९ मध्ये काढली. पण तिची साखळी अजून साध्या करवतीसारखी ओरबाडत होती, सारखी बोथट होत होती. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका बुंध्यात भुंग्याची अळी पाहिली. अळी लाकूड आडवं-उभं कसंही सहज पोखरत होती. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालतात हे त्यानं नीट पाहिलं आणि तसेच डावे-उजवे वळलेले दात साखळीला दिले. आज जगात कुठलीही चेन सॉ उचला, दातांची ठेवण त्याच घराण्यातली. संत्र्याच्या खोडातली, साल खाणारी अळी आमच्या बागेचं वर्षानुवर्षं नुकसान करते. तिच्या दूरच्या भावकीनं हे झाड कापायची अक्कल माणसाला द्यावी, गंमतच आहे.

तर, धार. म्हाताऱ्याला मशीनची काही माहिती नव्हती, पण धार कळत होती. पहिल्याच दिवशी तो खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन म्हणाला, “हे पीठ पडून राह्यलं. ढलप्या पडाले पाह्यजे.” नेमकं हेच यंत्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं: तांदळाएवढे तुकडे उडाले तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर थांबा. बोथट साखळी दाबून चालवली की पातं तापतं, क्लच जळतो, माणूस दमतो, आणि मग दोष इंजिनाला. आपल्याकडचं लाकूड या बाबतीत परीक्षाच पाहतं. परदेशातले सल्ले पाइन-स्प्रूससारख्या मऊ लाकडावर बेतलेले असतात. इथे बाभूळ, धावडा, तिवस, जुना कडुनिंब. आणि तेही एप्रिलच्या उन्हात खडखडीत वाळलेलं. बाभळीचं लाकूड किलोला पावणेपाच-पाच हजार किलोकॅलरी उष्णता देतं म्हणून चुलीत तिचं राज्य, पण तीच बाभूळ वाळली की करवतीचा जीव घेते. म्हणून लाकूड ओलं असतानाच फूट-फूट कापून घ्यावं आणि मग वाळवावं. मला हे उशिरा कळलं.

मुळांचं तर विचारूच नका. जेसीबीनं उपटलेल्या झाडाच्या बुडाला काळी माती आणि मुरूम चिकटलेला असतो. मातीतली बारीक वाळू म्हणजे दातांना सहाणच. एक बुंधा तसाच कापला आणि सकाळभर लावलेली धार मिनिटात गेली. तेव्हापासून बुडं बाजूला, ती हुरड्याच्या शेकोटीला अखंडच जातात. बांधावरच्या कडुनिंबांचा आणखी एक धोका: वीस वर्षांपूर्वी ठोकलेले खिळे आणि कुंपणाची काटेरी तार झाडानं गिळलेली असते. वरून काही दिसत नाही.

शेवटी घेतलं ते यंत्र साधारण ३२ सीसीचं. श्टीलची एमएस १८० या वर्गातली: ३१.८ सीसी, पातं-साखळी सोडून चार किलोच्या आसपास. त्याच कंपनीची एमएस २५० ही ४५.४ सीसीची, वजन ४.६ किलो, ज्यांच्या शेतात एक-दीड फुटाच्या बाभळी, निलगिरी आहेत त्यांनी ती बघावी. स्वीडनची हस्कवर्ना हीसुद्धा तोलामोलाची. १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली ही कंपनी. पण नावापेक्षा मी दुकानदाराला तीन गोष्टी विचारल्या: या मापाची साखळी, स्पार्क प्लग आणि कार्ब्युरेटरचा पडदा तुमच्याकडे आज, आत्ता आहे का? ५८ सीसीवाल्याकडे साखळी होती, पडदा नव्हता. “मागवून देऊ.” शेजारच्या शेतात तसंच एक स्वस्त यंत्र ‘मागवून देऊ’वर दोन हंगाम कोठ्यात पडून आहे.

विजेवरचं का नाही, हे अनेकांनी विचारलं. शहरातल्या अंगणात, घरात प्लग असेल तर २,००० वॅटची विजेची करवत उत्तम. ओढदोरी नाही, धूर नाही. पण शेतात वीज पाळीपाळीनं येते, आणि विहिरीवरच्या बोर्डापासून ढिगापर्यंत शंभर मीटर वायर ओढली की टोकाला व्होल्टेज इतकं उतरतं की मोटर कण्हायला लागते. बॅटरीवरची यंत्रं हलकी आणि गोड. छाटणीला मी तीच घेईन. मात्र पारा ४५ च्या पुढे गेला की लिथियमची बॅटरी चार्ज होताना रुसते, आणि नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे.

पेट्रोलचंही एक नागपुरी प्रकरण आहे. इथेनॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता आमच्याच शहराचा खासदार, त्यामुळे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं याचं आम्हाला नवल नाही. गाडी रोज फिरते, टाकी रिकामी होत राहते. चेन सॉ वर्षातून पंधरा दिवस चालते. उरलेले दिवस टाकीतलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषत बसतं, आणि पावसाळ्यात तर ओलाव्याला तोटा नाही. पाणी तळाशी, कार्ब्युरेटर चोंदलेला, रबरी नळ्या फुगलेल्या. उपाय सोपा: लागेल तेवढंच मिश्रण करायचं, आणि काम संपलं की टाकी ओतून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं. मिश्रणाचं प्रमाण तेलाच्या बाटलीवर असतं. १:५० म्हणजे लिटरला २० मिलि, १:२५ म्हणजे ४०. साखळीचं तेल वेगळं. तिथे गॅरेजमधलं जळकं ऑइल घालायची पद्धत गावोगाव आहे. त्यातले धातूचे कण पात्याची खाच खातात आणि उडालेलं तेल कापणाऱ्याच्या तोंडावर बसतं. वाचलेले पैसे पात्यात जातात.

आता दुपट्टा. विदर्भातला शेतकरी उन्हात दुपट्ट्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि लोंबता दुपट्टा व सेकंदाला २० मीटरनं धावणारी साखळी यांची गाठ पडू नये. आमच्याकडे तो डोक्याला घट्ट बांधला जातो, शेव आत खोचून. चप्पल नाही, बूट. डोळ्यांना चष्मा, कानांना बोंडं. हे यंत्र १०० डेसिबलच्या वर आवाज करतं, आणि एवढ्या आवाजात उघडे कान १५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नयेत असं तज्ज्ञ सांगतात. सगळ्यात वाईट अपघात पात्याच्या टोकाचा: टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र उसळून थेट चेहऱ्याकडे येतं. यासाठीच हातापुढे साखळीचा ब्रेक असतो. दुकानात यंत्र चालू करून हा ब्रेक आपल्यासमोर तपासून घ्यावा. तो नसेल तर यंत्र फुकट दिलं तरी नको.

आणि झाड कुणाचं? स्वतःच्या शेतातलं झाडही नेहमी स्वतःचं नसतं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, बिजा, हळदू, तिवस, ऐन अशी झाडं आहेत. ती तोडायला परवानगी लागते. संत्रा त्यात नाही, बाभूळ नाही. लाकूड रस्त्यानं न्यायचं तर वाहतूक परवाना, ज्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात, लागतो का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं. काही जातींना सूट आहे. शहरात १९७५ चा कायदा, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड म्हणजे वारसा वृक्ष. जंगलात तर चेन सॉचा आवाज हाच पुरावा. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली लाकडाबरोबर हत्यार आणि गाडीही जप्त होते.

खरं पाहता विदर्भातलं बहुतेक सरपण आजही चेन सॉनं कापलं जात नाही. ते डोक्यावर येतं. मध्य प्रांताच्या काळापासून गावांना जंगलातून जळतण आणायचा निस्तार हक्क आहे, आणि पेंच-ताडोब्याच्या कडेच्या गावांतल्या बाया कोयत्यानं तोडलेल्या वाळक्या काटक्यांची मोळी आणतात, कधी वाघाच्या वाटेवरून. त्यांच्यासाठी २०१५ पासून जन-वन विकास योजनेतून गॅस गेला, पण सिलिंडर संपलं की मोळी आहेच. मनगटाएवढ्या काटकीला यंत्र लागत नाही. ही करवत ज्यांच्याकडे स्वतःची झाडं आहेत त्यांची चैन, हे मनाशी कबूल केलेलं बरं.

करवतीनंतरचं काम अजून कुऱ्हाडीचंच आहे. चेन सॉ आडवं कापते. फाटे करायला कुऱ्हाड, पाचर आणि घण. मटक्याच्या पोळीला अंगठ्याएवढे बारीक फाटे लागतात, बंबाला जाड चालतात, आणि संत्र्याच्या गाठीत पाचर अडकली की म्हाताऱ्यालाच हाक मारावी लागते. तो लाकूड फिरवून पाहतो, चीर कुठून जाते ते बोटानं शोधतो, आणि माझ्या चार घावांचं काम एका घावात करतो.

ढीग जूनच्या पहिल्या आठवड्यात संपला. फाटे गोठ्याच्या पत्र्याखाली, विटांवर, वारा जाईल असे रचले आहेत. साखळी काढून तेलाच्या डब्यात ठेवली, टाकी कोरडी केली. परवा दिवाळीची साफसफाई करताना म्हाताऱ्यानं दोन फाटे एकमेकांवर आपटून पाहिले. टण् वाजले. “झाले,” तो म्हणाला, आणि बंबात टाकायला चार उचलून घेऊन गेला.