चांद्याची फाशी आणि रोमचा क्रूस : साम्राज्य खटला कसा चालवते?

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आवारात एक पिंपळ आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक तिथे जमून वीर बाबूराव शेडमाके यांना अभिवादन करतात. १८५८ साली याच दिवशी इंग्रजांनी त्यांना चांद्यात फाशी दिली.

बाबूराव हे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मोलमपल्लीचे राजगोंड जमीनदार. नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५४ मध्ये चांदाही इंग्रजांकडे गेला. १८५८ च्या मार्चमध्ये बाबूरावांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. २९ एप्रिलच्या रात्री चिंचगुंडीजवळ तारखात्याचे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. मग डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. १८ सप्टेंबरला बाबूराव पकडले गेले. पुढच्या ३३ दिवसांत खटला, शिक्षा आणि फाशी, सगळे आटोपले. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून गावे मिळाली.

यात रोम कुठे आले?

येशूला क्रूसावर चढवले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ती शिक्षा रोमची होती, हे अनेकदा विसरले जाते. त्या वेळी यहूदियावर रोमची सत्ता होती आणि पिलात तिथला अधिकारी होता (इ.स. २६ ते ३६). प्रांतात असे खटले ज्युरीपुढे चालत नसत. आरोप ऐकायचा, निकाल द्यायचा आणि शिक्षा करायची, हे सारे त्या एकाच अधिकाऱ्याच्या हाती असे. शुभवर्तमानांनुसार क्रूसावर लावलेला आरोप ‘यहुद्यांचा राजा’ असा होता, म्हणजे राजद्रोहाचा.

क्रूस ही मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. रोमन नागरिकाला ती सहसा मिळत नसे. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, सुमारे ६,००० जणांना आपियन रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले होते. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे आणि घाबरावे, हाच हेतू.

मग साम्य काय, फरक काय?

बाबूराव शस्त्र घेऊन लढले. येशूने फौज उभी केली नव्हती. पण दोन्हीकडे न्याय करणारा त्याच सत्तेचा अधिकारी होता आणि आरोपही त्याच सत्तेविरुद्धचा होता. अशा खटल्यात आरोपीपेक्षा बाकीच्यांना धडा शिकवणे महत्त्वाचे असते.

तो धडा मात्र टिकला नाही. चौथ्या शतकानंतर क्रूस हळूहळू ख्रिस्ती धर्माची उघड खूण झाला. बाबूरावांच्या नावाने २००९ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. आणि ज्या तुरुंगात लोकांना दहशत बसावी म्हणून फाशी दिली, तिथेच लोक आता अभिवादन करायला येतात.