किरकोळ गोष्टींची साडेसातशे वर्षं

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे कलकत्त्याच्या मुक्कामात बंगाली शिकत होते. सकाळी दाढी करायला न्हावी यायचा. त्याचा वस्तरा गालावरून फिरत असायचा आणि रानडे हातातलं बंगाली पुस्तक वाचत, अडलेल्या शब्दाचा उच्चार आणि अर्थ त्यालाच विचारत. पत्नी रमाबाईंनी या नव्या मास्तरांवरून थट्टा केली, तेव्हा रानड्यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती रमाबाईंच्या 1910 सालच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकामुळे. रानड्यांचं अर्थशास्त्र, इतिहासलेखन, प्रार्थना समाज आणि सामाजिक परिषद यांवर ग्रंथ झाले. पण शिकण्याच्या बाबतीत ज्याला कोणाचाही संकोच नव्हता असा माणूस समोर उभा राहतो तो या दाढीच्या वेळच्या प्रसंगातून.

आपण दिवसभर एकमेकांना अशाच गोष्टी सांगत असतो. भाजीवालीशी काय बोलणं झालं, बसमध्ये कोण भेटलं, डबा कसा सांडला, आजोबा लहान असताना विहिरीत कसे पडले. फोनवर, जिन्यात, ओट्यावर, लोकलच्या डब्यात हेच चालतं. याला ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. मराठी गद्याचा सगळा प्रवास पाहिला, तर तो बऱ्याच अंशी एका प्रश्नाभोवती फिरतो: कोणाच्या आयुष्यातली किरकोळ गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी मानायची? हे वर्तुळ हळूहळू मोठं होत गेलं आणि ते मोठं करायला दरवेळी कोणीतरी पुढे यावं लागलं.

पहिलं नाव म्हाइंभटांचं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी ऋद्धिपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सहवासात राहिले. पुढे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने आणि गावोगाव हिंडून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. साधारण 1278 च्या सुमारास सिद्ध झालेलं ‘लीळाचरित्र’ हे मराठीतलं पहिलं मोठं गद्य, आणि ते सगळं छोट्या छोट्या प्रसंगांचं आहे. तत्त्वज्ञान त्यात आहेच. पण ते येतं कुठे? स्वामी कुठल्या गावी कुठल्या देवळात उतरले, शिष्या बाइसांनी काय रांधलं, कोण रुसलं, कोणी काय विचारलं यांच्या मधोमध. पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो, हा प्रसंग अनेकांनी शाळेत वाचला असेल. स्वामींची शिष्या महदाइसा प्रश्न विचारून विचारून स्वामींना बोलतं करायची. तिच्या प्रश्नांनी कितीतरी लीळा सुरू होतात. गप्पांमध्ये प्रश्न विचारणाऱ्याचं मोल किती असतं, हे तिच्याकडे पाहून कळतं.

मला सर्वांत भावते ती या मंडळींची बारकाव्यांवरची निष्ठा. महानुभावांनी ‘स्थानपोथी’ नावाचा वेगळा ग्रंथच केला. स्वामी जिथे जिथे राहिले ते गाव, तिथलं देऊळ, त्याचं दार कुठल्या दिशेला, त्याच्या कुठल्या अंगाला काय, असं सगळं त्यात टिपलेलं आहे. भक्तांनी ते श्रद्धेने लिहिलं. आज तेराव्या शतकातल्या महाराष्ट्रातली देवळं आणि वस्त्या अभ्यासणाऱ्यांना त्याच नोंदी उपयोगी पडतात. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली. तेव्हा ज्यांना ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा जुळवण्यात आलं. त्यात हिराइसा नावाच्या साध्वीचं पाठांतरही होतं. म्हणूनच ‘लीळाचरित्रा’चे पाठ एकसारखे नाहीत. एकाने प्रसंग एका तऱ्हेने सांगितला, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि परंपरेने दोन्ही सांभाळले.

यानंतर कित्येक शतकं मराठी गद्यावर बखरी आणि कागदपत्रांचं राज्य होतं. त्यात माणसं दिसतात, पण बहुतेक घोड्यावर बसलेली किंवा दरबारात उभी. त्या काळाला मी इथे धावता नमस्कार करतो.

वरसईचे विष्णुभट गोडसे मात्र थांबायला लावतात. कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल या आशेने हा गरीब भिक्षुक उत्तरेकडे निघाला आणि 1857 च्या धुमाळीत सापडला. झाशीचा वेढा त्याने किल्ल्याच्या आतून पाहिला. पुढे चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहाने त्याने ‘माझा प्रवास’ लिहिलं, आणि ते छापून आलं 1907 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. झाशी पडल्यावर वाटेत एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटते. तहानलेली, धुळीने माखलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते, स्वतः मडक्याने पाणी ओढते आणि ओंजळीने पिते. लढाईचे नकाशे इतरांनी काढले. राणीला तहान लागली होती हे एका भिक्षुकाने लिहून ठेवलं. आणि त्याच पुस्तकात त्याची स्वतःची पायपीट, चोरांचं भय आणि आईवडिलांसाठी वाहून आणलेली गंगेची कावडही आहे. मोठ्या घटनेच्या पोटात एका सामान्य माणसाची घरची काळजी चालू राहते, हे इतक्या सरळपणे मराठीत फार थोड्यांनी सांगितलं आहे.

लोकमान्य टिळकांच्या बाबतीत उलटं घडलं, तिथे सांगणारा एक नव्हे, अनेक होते. सदाशिव विनायक बापटांनी त्यांना ओळखणाऱ्या शेकडो लोकांकडून ‘आठवणी व आख्यायिका’ जमवल्या आणि 1924 ते 1928 या काळात त्याचे तीन खंड काढले. म्हाइंभटांचाच तो उद्योग, छापखान्याच्या काळातला. तरीही प्रत्येक मराठी मुलाला टिळक पहिल्यांदा भेटतात ते शाळेतल्या शेंगांच्या टरफलांच्या गोष्टीमुळे. गीतारहस्य नंतर येतं, कित्येकांच्या आयुष्यात येतही नाही.

इथपर्यंत किरकोळ गोष्ट टिकली ती बहुधा थोरांच्या आधाराने. स्वामींची, राणीची, नेत्याची. रमाबाईंनी स्वतःविषयी लिहिलं तेही पतीच्या आठवणींच्या आडून. लक्ष्मीबाई टिळकांनी ही चौकट मोडली. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत 1934 ते 1936 या काळात आलं. पती, कवी नारायण वामन टिळक यांची हकीकत म्हणून ते सुरू झालं असेल, पण वाचता वाचता सगळं पुस्तक लक्ष्मीबाईंचं होऊन जातं. वडिलांचं टोकाचं सोवळं आणि त्यापायी घरभर चाललेली धुवाधुवी, अकराव्या वर्षी झालेलं लग्न, नवऱ्याचं अचानक घर सोडून जाणं, 1895 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेली ताटातूट, पुन्हा जुळलेला संसार. लग्नात अक्षरओळखही नसलेली ही बाई इतकं तालेवार गद्य लिहिते, त्यामागे ओसरीवर आणि माजघरात ऐकलेल्या, सांगितलेल्या गोष्टींची जन्मभराची तालीम आहे असं माझं ठाम मत आहे. भांडणाची हकीकत सांगताना कुठे थांबायचं आणि समोरच्याला कधी हसू द्यायचं, हे त्या गप्पांतच शिकल्या.

लिहिता न येणाऱ्या बायकांनीही सांगायचं थांबवलं नव्हतं. त्या जात्यावर सांगत होत्या. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या आणि ओवीतून भाऊ, माहेरची वाट, सासूचा बोल, लुगड्याचा काठ, पंढरीची वारी, पुढे बाबासाहेब आणि रेल्वेगाडीसुद्धा यायची. विजेच्या गिरण्या आल्या आणि ते दळण संपत आलं. ते पूर्ण संपण्याआधी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून कामाला सुरुवात केली. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. पुढे पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या उपक्रमाने त्या ध्वनिमुद्रणांसह लोकांपुढे आणल्या. या संग्रहातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या ‘लोकगीत’ या एका शब्दाखाली दडलेल्या बायका त्यामुळे नावानिशी उभ्या राहिल्या.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. छोट्याशा दुकानात बसून, माल बांधायला आलेल्या रद्दीचे तुकडे वाचत, घरच्यांच्या नजरेआड त्या लिहीत राहिल्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्यामुळे ते उजेडात आलं, 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापलं गेलं आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ पुस्तक झालं. महारवाड्यातल्या बायकांची चूल, बाळंतपणं, भूक, सुनांचे हाल, देवाच्या नावाने चाललेले प्रकार आणि बाबासाहेबांच्या शब्दाने पडलेला फरक, हे सगळं त्या चार बायका जमल्यावर बोलाव्यात त्या बोलीत सांगतात. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं होतंच. बेबीताईंनी त्यात बायकांच्या स्वयंपाकघराची बाजू भरून काढली. शाहू पाटोळे यांच्या 2015 मधल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने त्याच वाटेने पुढे जाऊन वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसारखे पदार्थ कृतीसकट नोंदवले. मराठीत पाककृतींची पुस्तकं ढिगाने होती. एवढ्या सगळ्यांत या पदार्थांना जागा नव्हती, हे पाटोळ्यांचं पुस्तक वाचताना लख्ख कळतं. ताटात काय होतं हा प्रश्न किरकोळ नाही. कोणाचं ताट पुस्तकात आलं आणि कोणाचं नाही, यात सगळी समाजरचना दिसते.

मधल्या काळात घरोघरी अशा किरकोळ गोष्टी कळवायला कामी आलं ते पोस्टकार्ड. भारतात ते 1 जुलै 1879 रोजी पाव आण्याला मिळू लागलं. वरती ‘श्री’, मग मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि नंतर गाय व्याली, पाऊस ओढ देतोय, बंडूचा दात पडला. जागा संपली की कडेने उभं लिहायचं, तीही संपली की पत्त्याच्या बाजूला. मृत्यूची बातमी देणारं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं तर वाचायच्या आधीच घरात रडारड व्हायची. अशी कार्डं कितीतरी घरांत तारेला टोचून ठेवलेली असायची आणि घर रंगवताना एकदम बंबात जायची. मुंबईला गिरणीत कामाला गेलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांचा पन्नास-साठ वर्षांचा संसार त्या कार्डांत होता.

माणसं असलं किरकोळ का बोलतात, यावर अभ्यासकांनीही विचार केला आहे. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी 1923 मध्येच दाखवलं की हवापाण्याचं बोलणं माहितीसाठी नसतं, नातं जोडण्यासाठी असतं. पुढे रॉबिन डनबार यांनी लोकांच्या सहज गप्पा ऐकून मोजदाद केली, तर जवळजवळ दोन-तृतीयांश वेळ माणसांविषयी, नात्यांविषयी आणि स्वतःविषयीच्या गोष्टींत जात होता. लोकलच्या बायकांच्या डब्यात रोज जाणाऱ्यांना हे सांगायला नको. कल्याणपासून भाजी निवडत आलेल्या चौघी दादरपर्यंत एकमेकींच्या घरातले सगळे आजार, परीक्षा आणि स्थळं जाणून असतात. एखादी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो.

आता हाच ओटा फोनमध्ये आला आहे. तिथे दोन प्रकारचं बोलणं येतं आणि त्यांत फरक केला पाहिजे. फुलांवर लिहिलेली सुप्रभातं, आरोग्याचे सल्ले, कोणाच्याही नावावर खपवलेले सुविचार हे ढकलपत्रांचं बोलणं. त्याला कोणी सांगणारा नसतो. दुसरं स्वतःचं. आमच्या घरच्या गटात गेल्या दिवाळीच्या आधी जर्मनीतल्या भाचीने विचारलं, कडबोळी मऊ का पडतात? आत्याने तिला बोललेला संदेश पाठवला. मोहन कडकडीत हवं, भाजणीत घातल्यावर चर्र आवाज आला पाहिजे, पीठ भिजवायला गरम पाणी. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. ती मध्येच ‘गॅस बारीक कर गं’ म्हणते आणि मग एकदम 1972 च्या दुष्काळावर जाते. तेव्हा भाजणीला डाळ नव्हती, रेशनची मिलो ज्वारी मिळायची, तिचीच कडबोळी आईने केली होती, ती काळी पडली आणि तरी आम्ही भांडून खाल्ली. हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. लगेच काकांनी लिहिलं, मिलोची कडबोळी झालीच नाहीत, ती थालीपिठं होती, मला पक्कं आठवतंय. मामींनी दोघांनाही खोडून तिसरंच सांगितलं. भाचीच्या कडबोळ्यांचा प्रश्न बाजूला राहिला आणि रात्री उशिरापर्यंत दुष्काळ चालला: खडी फोडायच्या कामावर कोण जायचं, पाण्याला किती लांब जावं लागायचं, सुकडी कुठे मिळायची.

1972-73 च्या दुष्काळावर अहवाल आहेत, रोजगार हमीवर शोधनिबंध आहेत. आमच्या आजीच्या परातीत त्या वर्षी काय होतं ते त्यांत येणार नाही. आत्याचा तो संदेश मात्र जागा रिकामी करताना चुलतभावाच्या फोनमधून पुसला गेला, माझ्या फोनमध्ये तो होता म्हणून वाचला. फोनवर आपण पूर्वीच्या कुठल्याही पिढीपेक्षा जास्त सांगतो आणि पोस्टकार्डाच्या तारेइतकंही सांभाळत नाही, याची मला खरीच काळजी वाटते. काकांचं वय ब्याऐंशी आहे.

म्हणून भाचीने आणि मी एक वही सुरू केली आहे. वर सांगणाऱ्याचं नाव, गाव, अंदाजे साल, आणि खाली त्याच्याच शब्दांत जे आहे ते. ती तिकडून संदेश ऐकून टंकते, मी इकडे जुळवून लिहितो. मिलोच्या पानावर आत्याची कडबोळी आहेत, काकांची थालीपिठं आहेत, मामींच्या घुगऱ्याही आहेत. आत्याचा आग्रह आहे की तिचं तेवढं ठेवावं आणि बाकीचं खोडावं. आम्ही ते खोडलेलं नाही.